अद्भुताच्या वाचकांची साक्ष

मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणाऱ्या पंडितांनी ग्रंथकारांची चरित्रे, ग्रंथांच्या प्रथमावृत्तींची साले आणि कथानकांची उगमस्थाने मोठ्या परिश्रमाने धुंडाळून काढली आहेत, आणि त्या परिश्रमांविषयी प्रत्येक वाङ्मयप्रेमी मनुष्याने कृतज्ञ असले पाहिजे. परंतु ज्यांच्यासाठी हे ग्रंथ लिहिले गेले, ज्यांनी ते विकत घेऊन, शेजाऱ्याकडून मागून आणून, वाचनालयाची वर्गणी भरून, दिवेलागणीनंतर समईच्या उजेडात वाचले, त्या वाचकांना ते कसे वाटले, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. टीकाकाराचे मत छापले जाते म्हणून ते टिकते. वाचकाचे मत ओटीवर, माजघरात, फार तर एखाद्या पत्रात उच्चारले जाते आणि त्या पिढीबरोबर लोपते. ज्या वाङ्मयप्रकारासंबंधी ही दोन मते परस्परांच्या अगदी विरुद्ध होती, त्याच्या बाबतीत तर केवळ छापील मतावर विसंबून इतिहास लिहिणे म्हणजे एकाच पक्षाची जबानी घेऊन निवाडा देण्यासारखे आहे.

असा वाङ्मयप्रकार म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आपली अद्भुत कादंबरी. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि ‘रत्नप्रभा’ १८६६ साली प्रसिद्ध झाली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली आणि ‘विश्वासराव’ त्यानंतर दोन वर्षांनी आली. आणि या दशकात मराठी वाचकाच्या हाती असे एक जग आले, की ज्याची राज्ये कोणत्याही नकाशात नव्हती आणि ज्याचा काळ कोणत्याही शकात बसत नव्हता. विद्वानांनी या जगाला असत्य, असंभाव्य आणि निरुपयोगी ठरविले. वाचकांनी त्याच्या आवृत्त्या संपविल्या. या दोन मतांचा झगडा कसा उत्पन्न झाला, त्यात कोणाचे किती खरे होते आणि त्याचा निकाल आज कसा लावावा, हे पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

हे जग एकाएकी कोठून अवतरले नव्हते. गंधर्व, यक्ष, विद्याधर आणि अप्सरा यांची सृष्टी भारतीय कथेला आरंभापासून परिचित होती. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वत्सराज उदयनाचा पुत्र नरवाहनदत्त हा मर्त्य असूनही अखेर विद्याधरांचा चक्रवर्ती होतो; बाणभट्टाची कादंबरी आणि महाश्वेता या दोघी गंधर्वकुलातील कन्या आहेत, आणि चंद्रापीड राजपुत्र त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो किन्नरमिथुनाचा पाठलाग करता करता मनुष्यलोकाची हद्द ओलांडून. मुद्रणकला मराठीत आली तेव्हा प्रथम जे ग्रंथ छापले गेले, त्यातही हीच सृष्टी होती. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१४ साली मोडी लिपीत छापलेली ‘सिंहासनबत्तिशी’ ही बोलक्या पुतळ्यांची कथा आहे, आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेली ‘वेताळपंचविशी’ ही तर स्मशानातील प्रेतात संचारलेल्या वेताळाने राजाला घातलेल्या कोड्यांची माला आहे. म्हणजे मराठी गद्य अद्याप पायावर उभे राहण्याचा यत्न करीत होते, तेव्हाच अद्भुत त्याच्या हाताशी होते.

दुसरा प्रवाह फारशीतून आला, आणि तो दक्षिणेत दखनीच्या व उर्दूच्या वाटेने पसरला. ‘हातिमताई’ व ‘गुलबकावली’ या दोन कथा मराठी घरांत इतक्या मुरल्या, की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानीही राहिले नाही. गुलबकावलीची कथा इज्जतुल्ला बंगाली याने अठराव्या शतकात फारशीत लिहिली आणि निहालचंद लाहोरी याने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजासाठी ती उर्दूत आणली. एका बादशहाची दृष्टी जाते. परिस्तानात बकावली नामक परीच्या उद्यानातील फूल डोळ्यांना लावले तर ती परत येईल असे वैद्य सांगतात. चार वडील राजपुत्र त्या फुलाच्या शोधात निघतात आणि वाटेत दिलबर नावाच्या गणिकेच्या सोंगट्यांच्या डावात सर्वस्व हरून तिचे बंदी होतात. हा डाव कसा चाले, ते ज्याने एकदा ऐकले तो जन्मात विसरत नाही. दिलबरने एक मांजर शिकवून तयार केली होती. ती डोक्यावर दिवा घेऊन पटापाशी निश्चल बसे, आणि त्या दिव्याच्या सावलीत दडलेला उंदीर फासा प्रतिकूल पडला की हळूच उलथून टाकी. धाकटा राजपुत्र ताजुल्मुलूक हे कपट हेरतो, मुंगसाचे एक पिल्लू पाळून शिकवितो आणि ऐन डावात ते अस्तनीतून सोडून देतो. उंदीर पळतो, मांजर दिवा टाकून पळते, आणि अजिंक्य दिलबर हरते.

या प्रसंगात वस्तुतः जादू मुळीच नाही. आहे ती चातुर्याची कसोटी. सोंगट्यांचा पट, दिवा, मांजर, उंदीर आणि मुंगूस या साऱ्या वस्तू वाचकाच्या घरच्या किंवा परसातल्या आहेत, आणि तरीही हे सारे परिस्तानाच्या वेशीवर घडते. अद्भुत कथेचे रहस्य हेच आहे, की ती ओळखीच्या पदार्थांवरून वाचकाला अनोळखी प्रदेशात नेते. याच कथेच्या उत्तरार्धात बकावली ही इंद्रसभेत नृत्य करणारी ठरते आणि मर्त्य पुरुषावर प्रेम केल्याच्या अपराधाबद्दल इंद्राच्या शापाने कमरेखाली पाषाण होऊन देवालयात पडते. फारशी परी आणि पुराणातील अप्सरा यांची अशी बेमालूम मिसळण झाल्यावर तिच्या श्रोत्यांत हिंदूही असावेत आणि मुसलमानही असावेत, यात नवल ते काय?

तिसरा प्रवाह इंग्रजी विद्येच्या दरवाज्यातून आला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि ते पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांच्या साहाय्याने पुरे झाले. सरकारी विद्याखात्यातील ज्या मान्यवर पंडिताच्या हातून व्याकरण आणि तत्त्वज्ञान यांवरील लेखन झाले, त्याच्याच हातून अल्लाउद्दिनाचा दिवा आणि सिंदबादच्या सफरी मराठीत याव्यात, हे त्या काळाचे एक लक्षण मानले पाहिजे. मराठी गद्याची प्रौढी आणि लालित्य या दोहोंचा मेळ ज्या ग्रंथांत प्रथम स्पष्ट दिसतो, त्यांत या गोष्टींची गणना होते.

वाचकही याच सुमारास तयार होत होता. मुंबई इलाख्यात १८५५ साली स्वतंत्र विद्याखाते स्थापन झाले, १८५७ साली विद्यापीठ निघाले. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके वाचून गावोगावच्या शाळांतून निघालेली मुले कारकून, शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर होऊन जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली. त्यांना वाचता येत होते, आणि क्रमिक पुस्तकाच्या पलीकडे वाचण्याजोगे फार थोडे होते. रत्नागिरीस १८२८ साली, नाशिकास १८४० साली, पुण्यास १८४८ साली आणि कोल्हापुरास १८५० साली ग्रंथालये निघाली होती. त्यांच्या स्थापनेमागे साहेबाचा आश्रय आणि शहरातील प्रतिष्ठितांची वर्गणी होती, आणि त्यांचा घोषित हेतू ज्ञानप्रसार हा होता. ज्ञानप्रसारासाठी काढलेल्या कपाटांतून लोकांनी मनोरंजनाचे ग्रंथ अधिक मागावेत, ही पुढे सर्वच वाचनालयांच्या चालकांची नित्याची तक्रार झाली.

या वाचनाची रीतही ध्यानात घेतली पाहिजे. एकट्याने कोपऱ्यात बसून मनात वाचण्याची सवय आपल्याकडे नवी होती. पोथी मोठ्याने वाचावी, पुराण सांगावे, कीर्तन ऐकावे, हा शतकांचा प्रघात होता. चातुर्मासात ज्या ओटीवर ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचला जाई, त्याच ओटीवर, एरवीच्या दिवसांत, ‘मुक्तामाला’ वाचली जाणे हे अगदी स्वाभाविक होते. वाचणारा एक, ऐकणारे दहा. त्यात ज्यांना अक्षरओळख नाही अशा वडीलधाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि घरचे गडीमाणूसही असत. म्हणून या कादंबऱ्यांच्या प्रतींची संख्या मोजून त्यांच्या वाचकांची संख्या ठरविता येत नाही, आणि त्यांची लांबलचक वर्णने, पदोपदी येणारी नीतिवचने, प्रकरणाच्या अखेरीस ताणून धरलेली उत्कंठा, हे गुणदोष डोळ्यांनी वाचणाऱ्यापेक्षा कानांनी ऐकणाऱ्याच्या मापाने तोलले पाहिजेत.

आता या ग्रंथांचे स्वरूप पाहू. त्यांच्यात एक शीलवती नायिका असते, तिच्यावर एकामागून एक संकटे कोसळतात. एक शूर आणि सुंदर नायक असतो, त्याचा आणि तिचा वियोग होतो. कपटी मंत्री, लुटारूंच्या गुहा, घोर अरण्ये, भुयारे, वेषांतरे, अकस्मात भेटणारे साधुपुरुष आणि योगायोगाने होणाऱ्या ओळखी यांच्या साहाय्याने कथा पुढे सरकते, आणि शेवटी सज्जनांना राज्य व दुर्जनांना शासन मिळून सर्व हिशेब चोख होतो. भाषा संस्कृतप्रचुर, वर्णने अलंकारांनी भरलेली, आणि पात्रे एकतर संपूर्ण शुभ्र किंवा संपूर्ण कृष्ण. मनुष्यस्वभावाचे बारकावे शोधू जाणाऱ्याला येथे फारसे काही सापडणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

यांच्याविरुद्ध पहिली सविस्तर फिर्याद काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी दाखल केली. १८७२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ हा मराठी टीकाशास्त्राच्या आरंभीच्या लेखांपैकी एक असून त्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. कादंबरीने जग जसे आहे तसे दाखविले पाहिजे, जे घडणे शक्य आहे तेच सांगितले पाहिजे, आणि वाचकाला आपल्या भोवतीच्या मनुष्यांचे ज्ञान करून दिले पाहिजे, ही त्यांची भूमिका. आणि या कसोटीवर आपल्या भाषेतील तत्कालीन कादंबऱ्या उतरत नाहीत, हा त्यांचा आक्षेप. ‘मंजुघोषा’ निघून उणीपुरी चार वर्षे झाली होती, आणि तेवढ्या अल्पावधीत एका मराठी वाचकाने या वाङ्मयाकडे मागे सरून पाहण्याइतकी विवेकबुद्धी दाखविली, ही गोष्ट अभिमानाची आहे.

मराठ्यांचा आक्षेप न्याय्य होता. ज्या समाजात रोगाची साथ नसली तर दुष्काळ आणि दुष्काळ नसला तर सावकाराची जप्ती दारात उभी असे, ज्या घरांत आठव्या-नवव्या वर्षी मुली सासरी जात आणि बाराव्या वर्षी विधवा होऊन केशवपनाला बसत, त्या समाजाने आपल्या गद्याची सारी शक्ती कल्पित राजकन्यांच्या संकटांवर खर्च करावी, हे कोणाही विचारी मनुष्याला खटकण्यासारखेच होते. बाबा पदमनजी यांनी १८५७ सालीच ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांची स्थिती कथारूपाने पुढे मांडली होती. तिचा धर्मप्रसाराचा हेतू बाजूस ठेवला तरी ती वाट खुली झाली होती, आणि तिच्यावरून पुढे जाण्याऐवजी लेखक दुसरीकडे वळले होते.

परंतु प्रतिवादीची कैफियत या फिर्यादीच्या आधीच लिहून झाली होती, आणि ती खुद्द रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत दिली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आम्हा हिंदूंच्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतर काही कारणांमुळे आमच्या नित्याच्या जीवनात चित्त वेधून घेणारे असे काही घडत नाही. रोज अनुभवास येते तेच लिहावे तर त्यात गोडी उत्पन्न होत नाही, आणि म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मराठी कादंबरीकाराने आपल्या कलेविषयी केलेल्या विधानांत याच्याइतके प्रांजळ विधान मला दुसरे आठवत नाही. टीकाकारांनी ते पुष्कळदा उद्धृत केले आहे, पण बहुधा पराभवाची कबुली म्हणून. मला ते एका सामाजिक सत्याची नोंद म्हणून अधिक मोलाचे वाटते.

रिसबूड काय सांगत आहेत, याचा नीट विचार करावा. कादंबरी ही मुख्यतः निवडीची कथा आहे. एखादी व्यक्ती दोन मार्गांपैकी एक स्वीकारते आणि त्याचे फळ भोगते, यातून कथानक जन्माला येते. परंतु ज्या मुलीचा विवाह तिला कळू लागण्यापूर्वीच झालेला आहे आणि ज्या मुलाने आपल्या पत्नीशी वडीलधाऱ्यांदेखत बोलणेही मर्यादेचा भंग ठरते, त्यांनी निवड करावी कधी आणि कशाची? १८५६ साली पुनर्विवाहाला कायद्याची संमती मिळाली, पण त्या कायद्याचा लाभ घेणाऱ्यांवर बहिष्कार पडत राहिला. रखमाबाईंनी बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या पतीकडे नांदण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ पासून चार वर्षे तो खटला मुंबईत गाजत होता. आणि संमतिवय दहावरून बारावर नेणारा १८९१ सालचा कायदा होऊ घातला, तेव्हा सारा महाराष्ट्र दुभंगला. अशा समाजात परस्परांना पाहून, पारखून, स्वेच्छेने वरणारे स्त्रीपुरुष दाखवावयाचे असतील, तर त्यांना कल्पित राज्यातच न्यावे लागणार. तेथे स्वयंवर होते, तेथे राजकन्या प्रौढ होती, तेथे ती घोड्यावर बसत होती, पुरुषवेष धारण करीत होती, आणि आपल्या प्रियकरासाठी अरण्य तुडवीत होती. जे पुण्यात किंवा वाईत घडू शकत नव्हते, ते तेथे घडत होते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे वाचकाच्या पसंतीचा अर्थ उलगडतो. त्याला सत्यासत्याची पारख नव्हती म्हणून तो या कथांत रमला असे नव्हे; कचेरीत खर्ड्यांवर खर्डे लिहिणारा कारकून किंवा सासुरवासात दिवस काढणारी सून यांना आपले जग कसे आहे, हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती. त्यांना हवे होते ते, जग याहून निराळे असू शकते, याचे आश्वासन. सद्गुणी मनुष्याचा छळ कधीतरी संपतो, वियुक्तांची भेट होते, कपट उघडकीस येते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकले, ते ते खरे घडते अशा समजुतीने नव्हे, तर ते खरे घडावे अशा तळमळीने. वाचकाचे मत टीकाकाराच्या मताविरुद्ध होते असे आपण म्हणतो. वस्तुतः दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. ग्रंथ जगाशी जुळतो का, असे टीकाकार विचारीत होता; जग ग्रंथाशी का जुळत नाही, असे वाचक विचारीत होता.

आश्चर्याची गोष्ट ही, की त्या काळातील थोर टीकाकारांच्या मनातही ही दोन्ही मते एकत्र नांदत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ ते १८८१ या काळात ‘निबंधमाले’चे चौऱ्यायशी अंक काढून मराठी गद्याला धार आणली; त्याच मालेत त्यांनी ‘वाचन’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला; आणि वडिलांनी आरंभिलेल्या अरबी गोष्टींच्या भाषांतराला हात लावताना त्यांना ते काम हलके वाटले नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या कागदपत्रांवाचून एक पाऊल न टाकणाऱ्या संशोधकाने १९०२ साली विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’त ‘कादंबरी’ या विषयावर विस्तृत निबंध लिहिला आणि त्यात अद्भुत व वास्तव या दोन्ही पद्धतींचा युरोपीय वाङ्मयाच्या आधाराने ऊहापोह केला. अद्भुत हे केवळ अडाण्यांचे खाद्य असते, तर अशा पुरुषांनी त्याच्यासाठी वेळ घालविला नसता.

पुढे हरि नारायण आपटे आले आणि मराठ्यांची मागणी पुरी झाली. ‘मधली स्थिती’ १८८५ साली प्रसिद्ध होऊ लागली. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः निघाली, आणि यमूच्या कहाणीने मराठी घराचा माजघरापर्यंतचा सारा अंधार उजेडात आणला. हा वास्तववादाचा विजय निर्विवाद होता. परंतु यमूची कहाणी ज्यांनी आठवड्यामागून आठवडा वाट पाहून वाचली, त्यांना गद्यकथेची गोडी कोणी लावली होती? वियोगाने व्याकूळ होण्याची, दुष्टाच्या कपटाने संतापण्याची, पुढच्या प्रकरणासाठी उत्सुक राहण्याची सवय त्यांना ‘मुक्तामाले’ने आणि ‘मंजुघोषे’ने लावली होती. आपट्यांच्या यमूसाठी अश्रू ढाळणाऱ्या डोळ्यांनी त्याआधी कल्पित राजकन्यांसाठी अश्रू ढाळले होते, आणि ते पहिले अश्रू वाया गेले असे म्हणवत नाही.

शिवाय वास्तववादी कादंबरी आल्यावरही वाचकाने अद्भुताशी असलेले नाते तोडले नाही. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ या कादंबरीवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुलांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, आणि अंथरुणाला खिळलेल्या स्थितीत त्यांनी लेखन केले. ज्याला स्वतःला उठून बसणेही कष्टाचे होते, त्याने दौडणारे घोडे, दुर्गम दुर्ग आणि अद्भुत साहसे यांनी भरलेली सृष्टी निर्माण करावी, आणि असंख्य मुलांनी अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून ती वाचावी, यापेक्षा अद्भुताच्या सामर्थ्याचे निराळे प्रमाण कशाला हवे?

हा झगडा एकट्या मराठीतच झाला असे नाही. काशीच्या देवकीनंदन खत्री यांनी चकिया आणि नौगढ येथील जंगलांचे ठेके घेतले होते. त्या जंगलांतील पडक्या किल्ल्यांतून हिंडताना जे सुचले, त्यातून त्यांनी ‘चंद्रकांता’ लिहिली. तिलिस्म, ऐयार आणि गुप्त द्वारे यांनी भरलेली ही कथा वाचता यावी म्हणून पुष्कळ लोक नागरी लिपी शिकले, ही गोष्ट हिंदी वाङ्मयाचे इतिहासकार एकमुखाने सांगतात. प्रेमचंदांनी बालवयात ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ तहान-भूक विसरून वाचल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे; आणि त्याच प्रेमचंदांनी १९३६ साली लखनौच्या प्रगतिशील लेखकांच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना तिलिस्मी कथांना साहित्याच्या बाहेर काढले. त्या दोन मतांपैकी कोणते खरे प्रेमचंदांचे? माझ्या मते दोन्ही. बालकाने कल्पनेचे बळ घेतले, प्रौढाने ते शेतकऱ्याच्या दुःखावर खर्च केले; पण पहिले नसते तर दुसऱ्याला भांडवल कोठून मिळाले असते?

आणि कल्पित राज्य म्हणजे केवळ जगापासून पलायन, हाही समज खरा नाही. काशीबाई कानिटकर या नवव्या वर्षी विवाह झालेल्या, घरच्यांचा विरोध आणि उपहास सोसून वाचायला शिकलेल्या, आणि पुढे आपट्यांच्या साहित्यमंडळात बरोबरीने वावरलेल्या विदुषी. त्यांनी १९२८ साली ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि तीत स्त्रियांच्या हाती कारभार असलेले एक कल्पित संस्थान उभे केले. हळब्यांच्या आणि रिसबुडांच्या कल्पित राज्यात स्त्री ही संकटे सोसणारी होती. काशीबाईंच्या कल्पित राज्यात ती दप्तर सांभाळणारी, न्याय देणारी आणि शाळा काढणारी झाली. सहा-सात दशकांत एका वाङ्मयीन प्रदेशाचा हा जो कायापालट झाला, तो घडविणारी स्वतः एक वाचक होती. ज्या रचनेला पंडितांनी निरुपयोगी म्हटले, तिच्यातच तिला आपल्या मागण्या मांडण्यासाठी मोकळी जागा सापडली.

आपल्या शास्त्रकारांनी तर अद्भुताला पूर्वीच मानाचे आसन दिले होते. भरताच्या आठ रसांत त्याची गणना आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव आहे; परंतु ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने आपल्या पूर्वजाचे, नारायणाचे, असे मत नमूद केले आहे, की चमत्कार हाच रसाचा प्राण असल्यामुळे सर्वत्र अद्भुत हाच एक रस आहे. एकोणिसाव्या शतकातील आमच्या टीकाकारांनी इंग्रजी ग्रंथांतील संभवनीयतेची कसोटी घेतली आणि ती उपयोगी पडली. पण घरातील ही कसोटी त्यांनी कपाटातच ठेवली. रंगभूमीने मात्र ती सोडली नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ उभे केल्यापासून देव, दानव आणि अप्सरा यांनी प्रेक्षकांना रात्र रात्र बसविले, आणि चित्रपट आल्यावर प्रभात कंपनीच्या ‘माया मच्छिंद्र’ने १९३२ साली स्त्रीराज्याची तीच अद्भुतकथा पडद्यावर आणली. छापील पानावर जे अप्रतिष्ठित ठरले, ते दृश्य रूपाने लोकांनी तिकीट काढून पाहिले.

पुढच्या अभ्यासकांनी या ग्रंथांकडे अधिक समतोल दृष्टीने पाहिले आहे. कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा १९५३ साली घेताना या आरंभीच्या कृतींना त्यांचे स्थान दिले. आणि भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पून, ‘यमुनापर्यटन’ आणि ‘मोचनगड’ यांच्या जोडीने, एका प्रवृत्तीला ‘मुक्तामाले’चेच नाव दिले. त्यांचा स्वतःचा कल वास्तवाकडे असला, तरी रंजनाची ही धारा आरंभापासून आजतागायत अखंड वाहत आली आहे, हे त्या विभागणीतून सिद्ध होते.

माझा निवाडा असा आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांची फिर्याद मंजूर केली पाहिजे, कारण तिच्यावाचून आपटे झाले नसते, निदान इतक्या लवकर झाले नसते. परंतु रिसबुडांची कैफियतही दप्तरी दाखल केली पाहिजे, कारण वास्तव इतके कोंडलेले होते की त्याच्या भिंतीबाहेर उभे राहूनच त्याच्याविषयी बोलता येत होते. आणि या दोघांहून महत्त्वाची साक्ष वाचकांची आहे, जी अद्याप कोणी घेतलेली नाही. ती कोठे आहे? जुन्या नगर वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्यांत, वार्षिक अहवालांत, वर्गणीदारांच्या याद्यांत. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक छापील ग्रंथाची नोंद करणाऱ्या सरकारी त्रैमासिक याद्यांत. आणि ज्यांची पहिली-शेवटची पाने झिजून गळाली आहेत, ज्यांच्या पुठ्ठ्यांची पुन्हा पुन्हा बांधणी झाली आहे, ज्यांच्या उजव्या कोपऱ्यांवर बोटांचे काळे डाग बसले आहेत, त्या कादंबऱ्यांच्या प्रतींत. कपाटातील तत्त्वज्ञानाचे ग्रंथ बहुधा कोरे करकरीत राहिले आहेत. झिजल्या आहेत त्या या प्रती.

दुर्दैव असे, की आपल्या वाचनालयांत जागा अपुरी पडू लागली म्हणजे प्रथम याच प्रती रद्दीत जातात, आणि देवघेवीच्या वह्या तर कोणी जपण्यालायक समजतच नाही. ऐतिहासिक कागदपत्रांसाठी आपण मंडळे स्थापिली, पेशवे दप्तरातील रुमाल सोडून त्यांतील एक एक कागद वाचला, मामलेदारांच्या ताळेबंदांवरून महालांची स्थिती ठरविली. तीच आस्था आता वाचनाच्या कागदपत्रांना मिळाली पाहिजे. ग्रंथालयांच्या चालकांनी आपल्या तळघरांतील जुन्या वह्या काढून पाहाव्यात, त्यांची सूची करावी आणि झिजलेल्या प्रतींना झिजलेल्या म्हणूनच जपावे. कोणत्या वर्षी, कोणत्या गावात, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने कल्पित राज्याची कथा घरी नेली आणि किती दिवसांनी परत केली, हे ज्या दिवशी आपण सांगू शकू, त्या दिवशी मराठी कादंबरीच्या इतिहासात लेखक आणि टीकाकार यांच्या शेजारी वाचकाचे नावही हक्काने लिहिता येईल.